परदेशातील मानवी हक्कभंग आणि लोकप्रतिनिधींचा सरकारवरील दबाव : नामदार गोखले ते भारतीय संसद

गोषवारा

परदेशात घडणाऱ्या मानवी हक्कभंगावर कोणत्याही कायदेमंडळाची थेट सत्ता चालत नाही. लोकप्रतिनिधीच्या हाती उरतो तो आपल्याच सरकारवर दबाव आणण्याचा मार्ग. हा दबाव केव्हा फलदायी ठरतो आणि केव्हा तो केवळ शब्दरूप राहतो, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. त्यासाठी नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९१० व १९१२ साली मध्यवर्ती कायदे कौन्सिलात मांडलेले गिरमिट पद्धतीविरुद्धचे ठराव केंद्रस्थानी ठेवले असून, त्यापुढील काळातील वऱ्हाडच्या प्रतिनिधींचे कार्य आणि स्वातंत्र्योत्तर संसदीय प्रथा यांचा मागोवा घेतला आहे. जो दबाव आपल्या सरकारच्या अधिकारकक्षेतील एखाद्या निश्चित कृतीची मागणी करतो तोच परिणामकारक ठरतो, हे या लेखाचे प्रमुख प्रतिपादन आहे.

बीजसंज्ञा : मानवी हक्क, कायदेमंडळ, गिरमिट पद्धती, ठराव, परराष्ट्र धोरण, देशांतर कायदा.

प्रस्तावना

राज्यसंस्थेचा कायदा तिच्या सीमेपर्यंत चालतो. माणसाचे दुःख मात्र सीमेपाशी थांबत नाही. परक्या देशात आपल्या नागरिकांचा छळ झाला किंवा शेजारच्या देशात तेथील प्रजेवर अत्याचार झाले, तर त्याचे पडसाद येथील समाजात उमटतात आणि समाजाचे प्रतिनिधी या नात्याने ते कायदेमंडळाच्या सभागृहात पोहोचतात. परंतु सभागृहाला परक्या देशातील अधिकाऱ्यास जाब विचारता येत नाही, तेथील न्यायालयास आदेश देता येत नाही आणि तेथील तुरुंगाचे दार उघडता येत नाही. असे असताना लोकप्रतिनिधी नेमके काय करू शकतो, हा प्रश्न राज्यशास्त्र, इतिहास आणि कायदा या तिन्ही विद्याशाखांच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे.

या विषयाची चर्चा बहुधा पाश्चात्त्य देशांच्या उदाहरणांवरून केली जाते. ब्रिटिश पार्लमेंटने काँगोविषयी काय केले, अमेरिकन काँग्रेसने दक्षिण आफ्रिकेविषयी काय केले, हे पाठ्यपुस्तकांतून वाचावयास मिळते. मात्र ज्या देशात मतदानाचा हक्क मूठभरांना होता आणि कौन्सिलात सरकारी सभासदांचे बहुमत होते, त्या पारतंत्र्यातील हिंदुस्थानात एका मराठी प्रतिनिधीने हेच कार्य किती पद्धतशीरपणे केले, याकडे अभ्यासकांचे पुरेसे लक्ष गेलेले दिसत नाही. वऱ्हाड प्रांताचा या इतिहासाशी असलेला संबंधही उपेक्षितच राहिला आहे. बुलढाणा हा त्या काळी वऱ्हाडचा एक जिल्हा होता, हे लक्षात घेता या भागातील अध्यापकांना व विद्यार्थ्यांना हा विषय परका वाटण्याचे कारण नाही.

अभ्यासाची उद्दिष्टे

१) परदेशातील मानवी हक्कभंगासंबंधी सरकारवर दबाव आणण्याची लोकप्रतिनिधींची साधने स्पष्ट करणे.
२) नामदार गोखले यांच्या १९१० व १९१२ च्या ठरावांचे स्वरूप व परिणाम तपासणे.
३) या परंपरेत वऱ्हाडच्या प्रतिनिधींचे स्थान निश्चित करणे.
४) स्वातंत्र्योत्तर भारतीय संसदेतील प्रथांची शक्ती व मर्यादा यांची मीमांसा करणे.

विवेचनासाठी ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे.

१. दबावाची तीन रूपे

लोकप्रतिनिधी सरकारकडे ज्या मागण्या करतो त्यांचे स्थूलमानाने तीन प्रकार पडतात. पहिली मागणी माहितीची. सभागृहात प्रश्न विचारून, कागदपत्रे पटलावर ठेवण्यास सांगून किंवा चौकशीची मागणी करून परदेशातील वस्तुस्थिती अधिकृतपणे उघड करून घेणे, हे तिचे स्वरूप होय. दुसरी मागणी भूमिकेची. सरकारने निषेध करावा, सहानुभूती व्यक्त करावी, आंतरराष्ट्रीय व्यासपीठावर विशिष्ट बाजूने मत द्यावे, ही अपेक्षा तीत असते. तिसरी मागणी कृतीची. व्यापार थांबवावा, मदत रोखावी, मजुरांची भरती बंद करावी, कायदा करावा, असा तिचा आशय असतो.

या तिन्ही प्रकारांची उदाहरणे जगाच्या इतिहासात सापडतात. २० मे १९०३ रोजी हर्बर्ट सॅम्युएल यांच्या प्रस्तावावरून ब्रिटिश कॉमन्स सभेने काँगोतील अत्याचारांविषयी ठराव संमत केला. त्यानंतर रॉजर केसमेंट या ब्रिटिश वकिलाने काँगोच्या अंतर्भागात जाऊन चौकशी केली व त्याचा अहवाल १९०४ साली प्रसिद्ध झाला. माहितीच्या मागणीचे हे फलित होते. अमेरिकन काँग्रेसने १९८६ साली दक्षिण आफ्रिकेतील वर्णद्वेषी राजवटीविरुद्ध आर्थिक निर्बंधांचा कायदा संमत केला. राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी त्यावर नकाराधिकार वापरला, तेव्हा प्रतिनिधिगृहाने ३१३ विरुद्ध ८३ आणि सिनेटने ७८ विरुद्ध २१ मतांनी तो झुगारून दिला. हे कृतीच्या मागणीचे टोकाचे उदाहरण होय. कारण तेथे कायदेमंडळाने सरकारला विनंती केली नाही, तर त्याचे हात कायद्याने बांधले.

हिंदुस्थानच्या कायदे कौन्सिलास असे सामर्थ्य नव्हते. म्हणूनच गोखल्यांनी योजलेला मार्ग अभ्यसनीय ठरतो.

२. नाताळचे गिरमिट आणि हिंदुस्थान सरकारची जबाबदारी

१८६० साली नाताळ वसाहतीत हिंदी मजुरांची पहिली तुकडी उतरली आणि १९११ पर्यंत सुमारे दीड लाख मजूर करारबद्ध होऊन तेथे गेले. ‘ॲग्रिमेंट’ या शब्दाचा लोकांच्या तोंडी झालेला अपभ्रंश म्हणजे ‘गिरमिट’. त्यावरून या मजुरांना गिरमिटिये म्हणू लागले. करार पाच वर्षांचा असे. ज्या मालकाकडे वाटणी होईल त्याच्याच मळ्यावर राहावयाचे, परवानगीवाचून मळ्याबाहेर जावयाचे नाही, आणि काम चुकले तर ते फौजदारी गुन्ह्यात जमा, अशी या कराराची घडण होती. मजुरांची भरती मुख्यतः मद्रास इलाखा, संयुक्त प्रांत व बिहार येथून होई. त्यांत मराठी भाषकांचे प्रमाण अल्पच होते. गोखल्यांनी आपल्या प्रांताच्या मतदारांचे गाऱ्हाणे मांडले नाही. ज्यांची भाषाही भिन्न होती आणि ज्यांना मताचा हक्कच नव्हता, अशा माणसांची बाजू त्यांनी घेतली, ही बाब ध्यानात घेण्यासारखी आहे.

कराराची मुदत संपल्यावर मजुराने एकतर पुन्हा करारबद्ध व्हावे किंवा मायदेशी परतावे, स्वतंत्र नागरिक म्हणून वसाहतीत राहू नये, अशी तेथील गोऱ्या मळेवाल्यांची व व्यापाऱ्यांची इच्छा होती. त्यासाठी मुक्त झालेल्या मजुरांवर वार्षिक २५ पौंडांचा कर बसविण्याची नाताळ सरकारची योजना होती. व्हाइसरॉय लॉर्ड एल्गिन यांच्या सरकारने २५ पौंडांस मान्यता नाकारली. परंतु ३ पौंडांस संमती दिली, आणि १८९५ साली नाताळने तसा कायदा केला. पुढे हा कर मजुरांच्या सोळा वर्षांवरील मुलांना व तेरा वर्षांवरील मुलींनाही लागू झाला. गिरमिटातील पहिल्या वर्षाचे वेतन दरमहा १० शिलिंग, म्हणजे वर्षाकाठी ६ पौंड होते, हे पाहिले म्हणजे या कराचे ओझे किती होते याची कल्पना येते. दोन मोठी मुले असलेल्या कुटुंबास वर्षाला १२ पौंड भरावे लागत.

येथे एक गोष्ट स्पष्ट होते. अन्याय परदेशात घडत होता; पण त्याची एक दोरी हिंदुस्थान सरकारच्या हातात होती. मजूर पाठविण्यास परवानगी देणारे, भरतीवर देखरेख ठेवणारे आणि कराला संमती देणारे सरकार हेच होते. गोखल्यांनी नेमकी हीच दोरी हेरली.

३. २५ फेब्रुवारी १९१० चा ठराव

१९०९ च्या मोर्ले-मिंटो सुधारणांनी मध्यवर्ती कायदे कौन्सिलाच्या सभासदांना सार्वजनिक हिताच्या विषयांवर ठराव मांडण्याचा हक्क दिला. ठराव संमत झाला तरी तो शिफारस म्हणूनच राही; शिवाय कौन्सिलात सरकारी सभासदांचे बहुमत कायम ठेवलेले होते. या तुटपुंज्या हक्काचा उपयोग सुधारणा अमलात येताच गोखल्यांनी केला. २५ फेब्रुवारी १९१० रोजी कलकत्ता येथे त्यांनी ठराव मांडला. ब्रिटिश हिंदुस्थानातून नाताळ वसाहतीसाठी होणारी करारबद्ध मजुरांची भरती बंद करण्याचा अधिकार गव्हर्नर जनरल-इन-कौन्सिल यांना देण्यात यावा, असा त्याचा आशय होता.

या मागणीची रचना बारकाईने पाहण्याजोगी आहे. ठरावात नाताळ सरकारचा निषेध नव्हता. साम्राज्य सरकारने वसाहतीवर दडपण आणावे, अशी विनंतीही नव्हती. हिंदुस्थान सरकारने स्वतःच्या भूमीवर, स्वतःच्या कायद्याने करावयाची एकच गोष्ट त्यात मागितली होती. वसाहतीच्या अंतर्गत कारभारात आपल्याला हस्तक्षेप करता येत नाही, हे सरकारचे नेहमीचे उत्तर त्यामुळे लागूच पडत नव्हते. नाताळच्या ऊसमळ्यांची व कोळसाखाणींची भिस्त हिंदी मजुरांवर असल्याने, भरती थांबविणे हे वसाहतीच्या मर्मावर बोट ठेवण्यासारखे होते.

दुसरे वैशिष्ट्य तयारीचे. दक्षिण आफ्रिकेतील हिंदी लोकांच्या वतीने हेन्री पोलक १९०९ साली हिंदुस्थानात आले होते. त्यांनी देशभर सभा घेतल्या आणि त्यांचे या प्रश्नावरील पुस्तक मद्रासच्या जी. ए. नटेसन यांनी प्रसिद्ध केले. गांधीजींचा गोखल्यांशी पत्रव्यवहार होताच. सभागृहातील भाषणामागे अशा रीतीने सभागृहाबाहेरील माहितीची व लोकमताची जोड होती.

सरकारने ठराव स्वीकारला. त्याच वर्षी देशांतराच्या कायद्यात दुरुस्ती होऊन सरकारला तसा अधिकार मिळाला आणि १ जुलै १९११ पासून नाताळसाठी होणारी भरती बंद झाली. सरकारी बहुमताच्या कौन्सिलात एका बिनसरकारी सभासदाच्या ठरावाने पन्नास वर्षांची मजूर-वाहतूक दीड वर्षाच्या आत थांबली.

या यशाची मर्यादाही तेवढीच स्पष्ट होती. नवे मजूर जाण्याचे थांबले. पण जे आधीच गेले होते त्यांच्यावरचा ३ पौंडांचा कर उठला नाही. हिंदुस्थान सरकारच्या अधिकाराचा पल्ला येथे संपत होता. १९१२ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये गोखल्यांनी स्वतः दक्षिण आफ्रिकेचा दौरा केला व तेथील मंत्र्यांची भेट घेतली. कर रद्द होईल अशी त्यांची समजूत झाली. मात्र असे वचन दिलेच नव्हते, अशी भूमिका त्या सरकारने पुढे घेतली. १९१३ चा सत्याग्रह, त्यात खाणमजुरांनी व स्त्रियांनी घेतलेला सहभाग, व्हाइसरॉय लॉर्ड हार्डिंज यांनी नोव्हेंबर १९१३ मध्ये मद्रास येथे जाहीरपणे व्यक्त केलेली सहानुभूती आणि त्यानंतरची चौकशी, या सर्वांच्या परिणामी १९१४ च्या कायद्याने हा कर रद्द झाला. कायदे कौन्सिलातील दबाव आणि जनतेचा लढा हे परस्परांचे पर्याय नसून पूरक असतात, हे यावरून दिसते.

४. ४ मार्च १९१२ : पराभूत ठरावाचे मोल

नाताळपुरते यश मिळाल्यावर गोखल्यांनी मूळ पद्धतीलाच हात घातला. फिजी, त्रिनिदाद, ब्रिटिश गयाना, जमेका आदी वसाहतींसाठी भरती चालूच होती. ४ मार्च १९१२ रोजी करारबद्ध मजुरीची पद्धतच संपूर्णपणे बंद करावी, असा ठराव त्यांनी मांडला. मजुराला अनोळखी दूरदेशी नेले जाते, मालक निवडण्याचा त्याला हक्क नसतो, मळा सोडून जाता येत नाही, सांगितलेले काम नाकारता येत नाही, वेतन ठरावीक व अपुरे असते आणि कराराचा भंग झाल्यास तुरुंगवास भोगावा लागतो, अशी या पद्धतीची लक्षणे त्यांनी एकामागून एक मांडली. दर १०० पुरुषांमागे ४० स्त्रिया पाठविण्याचा जो नियम होता, त्यातून मळ्यांवर निर्माण झालेली स्त्रियांची दुर्दशा आणि मजुरांतील आत्महत्यांचे प्रमाण याकडेही त्यांनी लक्ष वेधले.

सरकारने विरोध केला. ठरावाच्या बाजूने २२ आणि विरुद्ध ३३ मते पडली. सरकारी बहुमत पाहता हा निकाल अनपेक्षित नव्हता. तथापि या पराभवाने एक गोष्ट साधली. गिरमिट पद्धतीच्या बाजूने कोण व विरुद्ध कोण, हे मतनोंदीने कायमचे अधोरेखित झाले आणि हिंदी लोकमत या पद्धतीस मान्यता देते असे म्हणण्यास सरकारला जागा उरली नाही. मतदानातील हार ही नोंदीच्या दृष्टीने जीत ठरू शकते, हा संसदीय राजकारणातील महत्त्वाचा धडा आहे.

५. ठरावापासून कायद्यापर्यंत : १९१६ ते १९२२

१९ फेब्रुवारी १९१५ रोजी गोखल्यांचे निधन झाले. त्यांनीच दक्षिण आफ्रिकेत पाठविलेले सी. एफ. ॲन्ड्र्यूज व डब्ल्यू. डब्ल्यू. पिअर्सन यांनी पुढे फिजीतील मजुरांच्या स्थितीची पाहणी करून १९१६ साली अहवाल प्रसिद्ध केला. २० मार्च १९१६ रोजी पंडित मदनमोहन मालवीय यांनी गिरमिट पद्धती बंद करण्याचा ठराव कौन्सिलात मांडला. चार वर्षांपूर्वी ज्यास सरकारने विरोध केला होता, ते तत्त्व या वेळी लॉर्ड हार्डिंज यांच्या सरकारने मान्य केले. अंमलबजावणी लांबणीवर पडते आहे असे दिसताच १९१७ च्या आरंभी देशभर चळवळ झाली आणि त्याच वर्षी मार्चमध्ये युद्धकालीन अधिकारांखाली भरती थांबविण्यात आली. फिजीतील उरलेले करार १ जानेवारी १९२० रोजी रद्द झाले.

या प्रक्रियेचा कळस म्हणजे १९२२ चा हिंदी देशांतर कायदा होय. अकुशल कामासाठी देशांतर करण्यास सरकार ज्या देशांसाठी अधिसूचनेने परवानगी देईल, त्याच देशांत मजूर नेता येतील, असे या कायद्याने ठरले. अशा अधिसूचनेचा मसुदा मध्यवर्ती विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांपुढे ठेवून त्यांची ठरावाने संमती घेणे आवश्यक करण्यात आले. १९१० साली ज्या गोष्टीसाठी गोखल्यांना सरकारची मनधरणी करावी लागली, ती गोष्ट बारा वर्षांत विधिमंडळाच्या संमतीचा विषय बनली. मजूर कोठे, कोणत्या अटींवर जाणार, हे लोकप्रतिनिधींच्या संमतीवाचून ठरू शकत नव्हते. पुढे सिलोन सरकारने हिंदी कामगारांना नोकरीवरून कमी करण्याचे धोरण स्वीकारले, तेव्हा १ ऑगस्ट १९३९ पासून तेथे अकुशल मजुरांना जाण्यास हिंदुस्थान सरकारने बंदी घातली. ही कृती याच कायद्याच्या चौकटीत झाली.

६. वऱ्हाडचे प्रतिनिधी

वऱ्हाडची घटनात्मक स्थिती विलक्षण होती. हा प्रांत नाममात्र निजामाचा आणि १९०२ च्या करारान्वये कायमच्या पट्ट्याने ब्रिटिशांकडे होता. तो तांत्रिकदृष्ट्या ब्रिटिश हिंदुस्थानचा भाग नसल्याने १९१९ च्या कायद्याखालील मध्यवर्ती विधानसभेत वऱ्हाडचा प्रतिनिधी निवडणुकीने ठरे, पण कागदोपत्री त्याची नामनियुक्ती होई. अशा प्रांतातील नेत्यांनी परदेशस्थ हिंदी लोकांच्या प्रश्नात लक्षणीय भाग घेतला.

अमरावतीचे रघुनाथ नरसिंह मुधोळकर हे डिसेंबर १९१२ मध्ये बांकीपूर येथे भरलेल्या राष्ट्रीय सभेचे अध्यक्ष होते. गोखले तेव्हा नुकतेच दक्षिण आफ्रिकेहून परतले होते आणि तेथील हिंदी लोकांचा प्रश्न त्या अधिवेशनात अग्रभागी होता.

यवतमाळ जिल्ह्यातील वणीचे लोकनायक माधव श्रीहरी अणे हे मध्यवर्ती विधानसभेत वऱ्हाडचे प्रतिनिधी होते. १९४१ साली व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात त्यांच्याकडे परदेशस्थ हिंदी लोकांचे खाते आले. ब्रह्मदेशावर जपानी आक्रमण होऊन लाखो हिंदी लोक पायी आसामकडे निघाले, तो काळ त्यांच्याच कारकिर्दीत आला. गांधीजींच्या उपोषणाच्या वेळी, फेब्रुवारी १९४३ मध्ये, त्यांनी राजीनामा दिला. त्याच वर्षी ते हिंदुस्थान सरकारचे प्रतिनिधी म्हणून सिलोनला गेले.

अणे यांच्यानंतर हे खाते मध्यप्रांत व वऱ्हाडचे माजी मुख्यमंत्री डॉ. नारायण भास्कर खरे यांच्याकडे आले. दक्षिण आफ्रिकेत १९४३ साली हिंदी लोकांच्या जमीनखरेदीवर व वास्तव्यावर निर्बंध घालणारा कायदा झाला. हिंदुस्थानच्या विधिमंडळाने त्याच वर्षी परस्परव्यवहाराचा कायदा संमत केला होता. आपल्या लोकांवर परदेशात जी बंधने लादली जातील, तीच त्या देशाच्या नागरिकांवर येथे लादण्याचा अधिकार त्याने सरकारला दिला. १९४४ च्या नोव्हेंबरात दक्षिण आफ्रिकेच्या गोऱ्या नागरिकांविरुद्ध तो प्रत्यक्ष लागू करण्यात आला. १९४६ साली तेथे आणखी कठोर कायदा येताच हिंदुस्थानने व्यापारी करार संपुष्टात आणण्याची नोटीस दिली. वऱ्हाडचेच रामराव देशमुख तेव्हा दक्षिण आफ्रिकेत हिंदुस्थानचे हायकमिशनर होते. त्यांना परत बोलावण्यात आले. २२ जून १९४६ रोजी हा प्रश्न संयुक्त राष्ट्रांकडे नेण्यात आला आणि ८ डिसेंबर १९४६ रोजी आमसभेने ३२ विरुद्ध १५ मतांनी ठराव संमत केला. वर्णद्वेषाविरुद्धच्या जागतिक मोहिमेचा हा प्रारंभ मानला जातो. गोखल्यांनी १९१० साली धरलेली दिशाच येथे अधिक विस्तृत झालेली दिसते.

७. स्वातंत्र्योत्तर संसद

स्वातंत्र्यानंतर लोकप्रतिनिधीची साधने वाढली. तारांकित व अतारांकित प्रश्न, लक्षवेधी सूचना, शून्य प्रहर, अशासकीय ठराव, अर्थसंकल्पातील मागण्यांवरील चर्चा आणि १९९३ पासून खातेनिहाय स्थायी समित्या ही त्यांतील प्रमुख होत. त्यांच्या वापराची तीन उदाहरणे वरील वर्गीकरणाच्या आधारे तपासता येतील.

पहिले उदाहरण पूर्व बंगालचे. ३१ मार्च १९७१ रोजी संसदेच्या दोन्ही सभागृहांनी तेथील जनतेविषयी सहानुभूती व पाठिंबा व्यक्त करणारा ठराव एकमताने संमत केला. लोकसभेत तो स्वतः पंतप्रधान इंदिरा गांधी यांनी मांडला. येथे सभागृहाने सरकारला ढकलण्याऐवजी सरकारनेच सभागृहाचे बळ घेतले. भूमिकेची मागणी आणि सरकारची इच्छा एकरूप झाली, म्हणजे ठरावाला वजन येते.

दुसरे उदाहरण श्रीलंकेचे. तेथील युद्धाच्या अखेरच्या टप्प्यातील हक्कभंगाविषयी जिनिव्हा येथील मानवी हक्क परिषदेत आलेल्या ठरावांच्या बाजूने भारताने २०१२ व २०१३ साली मत दिले. तमिळनाडूतील पक्षांनी संसदेत व संसदेबाहेर आणलेल्या दबावाचा त्यात वाटा होता. मार्च २०१३ मध्ये द्रमुकने केंद्रातील आघाडी सरकारचा पाठिंबा काढून घेतला. मात्र संसदेनेच श्रीलंकेविरुद्ध ठराव करावा, या मागणीस इतर पक्षांची अनुकूलता मिळाली नाही, आणि २०१४ साली भारत जिनिव्हात तटस्थ राहिला. पाठिंब्याच्या गणितावर उभा असलेला दबाव ते गणित बदलताच ओसरतो.

तिसरे उदाहरण महाराष्ट्राच्या जिव्हाळ्याचे आहे. निवृत्त नौदल अधिकारी कुलभूषण जाधव यांना एप्रिल २०१७ मध्ये पाकिस्तानच्या लष्करी न्यायालयाने मृत्युदंड ठोठावल्याचे जाहीर होताच ११ एप्रिल रोजी दोन्ही सभागृहांत सर्व पक्षांच्या सदस्यांनी तो विषय उपस्थित केला आणि परराष्ट्रमंत्री सुषमा स्वराज यांनी निवेदन केले. त्यानंतर भारताने आंतरराष्ट्रीय न्यायालयात धाव घेतली. वकिलातीच्या अधिकाऱ्यांशी संपर्काचा हक्क नाकारून पाकिस्तानने व्हिएन्ना कराराचा भंग केला, असा निर्णय १७ जुलै २०१९ रोजी १५ विरुद्ध १ मतांनी झाला व शिक्षेच्या फेरविचाराचा आदेश देण्यात आला. संसदेतील एकमताला येथे आंतरराष्ट्रीय कराराची निश्चित वाट मिळाली. निषेधाचे शब्द एकटे असते, तर एवढा परिणाम संभवला नसता.

८. मर्यादा

भारतीय लोकप्रतिनिधीस काही अडचणी रचनेतूनच येतात. परराष्ट्रव्यवहार व आंतरराष्ट्रीय करार हे संघसूचीतील विषय असल्याने राज्य विधिमंडळे केवळ शिफारस करू शकतात. करार करण्याचा अधिकार कार्यकारी मंडळाकडे असून त्यास संसदेच्या पूर्वसंमतीची अट नाही. मित्रराष्ट्राचा अनादराने उल्लेख करणारा प्रश्न लोकसभेच्या नियमांनुसार स्वीकारला जात नाही. १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्याने पक्षादेशाविरुद्ध मत देण्याची वाट अरुंद केली आहे. १९१२ साली सरकारी बहुमताने जे साधले, ते आता पक्षादेशाने साधते.

यापेक्षाही गंभीर बाब देशांतर कायद्याची आहे. १९२२ च्या कायद्याची जागा १९८३ च्या नव्या कायद्याने घेतली. भरती करणाऱ्या दलालांची नोंदणी, ठरावीक देशांत जाणाऱ्या कमी शिकलेल्या कामगारांसाठी परवानगी आणि विशिष्ट परिस्थितीत एखाद्या देशात जाण्यास मनाई करण्याचा सरकारचा अधिकार, या तरतुदी त्यात आल्या. दोन्ही सभागृहांची आगाऊ संमती घेण्याची १९२२ ची अट मात्र त्यात राहिली नाही. काळ बदलला होता, लाखो लोक स्वेच्छेने आखातात जात होते, आणि प्रत्येक देशासाठी संसदेची संमती घेणे व्यवहार्य नव्हते, हे खरे. तरीही कृतीच्या दोरीवरील लोकप्रतिनिधींची पकड त्यामुळे सैल झाली, हे नाकारता येत नाही.

याची किंमत कोण मोजतो, हे जून २०२४ मध्ये दिसले. कुवेतमधील मंगाफ येथे कामगारांच्या निवासी इमारतीला आग लागून ४० हून अधिक भारतीय मृत्युमुखी पडले. अशा घटनेनंतर सभागृहात मृतांची संख्या विचारली जाते, मदतीची रक्कम विचारली जाते, आणि उत्तर पटलावर ठेवले जाते. माहितीची मागणी पूर्ण होते. कामगारांच्या निवासाची हमी न देणाऱ्या मालकाकडे येथून भरती होऊ द्यावी का, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. वास्तविक त्याचे उत्तर देणे पूर्णपणे भारत सरकारच्या हातात असते. गोखल्यांनी १९१० साली विचारलेला प्रश्न हाच होता.

निष्कर्ष

१) परदेशातील मानवी हक्कभंगासंबंधी लोकप्रतिनिधींचा दबाव माहिती, भूमिका आणि कृती या तीन मागण्यांतून व्यक्त होतो. त्यांपैकी आपल्या सरकारच्या अधिकारकक्षेतील निश्चित कृतीची मागणी सर्वाधिक परिणामकारक ठरते.

२) १९१० च्या ठरावाचे यश वक्तृत्वापेक्षा मागणीच्या अचूकतेत होते. परक्या सरकारला दोष देण्याआधी त्या अन्यायात आपल्या सरकारचा वाटा किती, हे गोखल्यांनी शोधले.

३) पराभूत ठरावही निष्फळ नसतो. १९१२ ची मतनोंद १९१६ च्या स्वीकृतीची पूर्वपीठिका ठरली.

४) सभागृहातील दबावास बाहेरील लोकमताची, विश्वसनीय पाहणीची आणि प्रत्यक्ष अन्याय सोसणाऱ्यांच्या लढ्याची जोड लागते.

५) वऱ्हाडच्या प्रतिनिधींनी या परंपरेत केलेले कार्य स्थानिक इतिहासाच्या अभ्यासक्रमात समाविष्ट होण्यास पात्र आहे. मुधोळकर, अणे, खरे व देशमुख यांच्या या कार्याचा स्वतंत्र अभ्यास विदर्भातील महाविद्यालयांना हाती घेता येईल.

६) देशांतरविषयक नवा कायदा करताना कामगारांची भरती कोणत्या देशांत व कोणत्या अटींवर व्हावी, यावर संसदेच्या समितीचा नियमित विचार होण्याची तरतूद करणे इष्ट ठरेल. १९२२ ची अट जशीच्या तशी परत आणणे शक्य नसले, तरी तिच्यामागील तत्त्व आजही लागू आहे. ज्या माणसांना सरकार परदेशी जाऊ देते, त्यांच्या तेथील स्थितीची जबाबदारी सरकारवर आणि सरकारला त्याबद्दल विचारण्याचे कर्तव्य लोकप्रतिनिधींवर राहते.